खालचा ड्रॉवर

आधी एक कबूल करून टाकतो म्हणजे पुढचं लिहायला सोपं जाईल. मागच्या वर्षी जूनमध्ये पैलवानाचे तीन फोन आले आणि तिन्ही मी मुद्दाम उचलले नाहीत. नाव बघायचो आणि फोन पालथा घालायचो. कारण साधं होतं, दोन वर्षांपूर्वी त्यानं माझ्याकडनं पंधरा हजार नेले होते, पुढच्या सोमवारी देतो म्हणून, आणि तो सोमवार काही उजाडलाच नाही. मला वाटलं परत मागणार. मागितले तर मला नाही म्हणता येणार नाही आणि दिले तर घरी काय सांगायचं, त्यापेक्षा नकोच तो फोन.

पैलवान हे त्याचं नाव नाही, खरं नाव इथं लिहिणार नाही. सातवीत शाळेच्या कुस्त्यांत हा हौसेनं उतरला, समोरच्यानं हात मिळवला आणि अर्ध्या मिनिटात आमचा गडी पाठीवर पडून आभाळ बघत होता. त्या दिवसापासून पैलवान. आता पंचेचाळिशी आली, पोट सुटलं, केस गेले, तरी पैलवानच. सांगलीत मारुती रोडच्या जवळ एका बोळात त्याचं छपाईचं दुकान आहे, लग्नपत्रिका, बिलबुकं, पावतीपुस्तकं, वास्तुशांतीची कार्डं असलं.

चौथा फोन वहिनींचा आला. तो उचलला. "भावजी, जरा येऊन जाता का. हे दोन दिवस जेवले नाहीत धड, आणि दुकानातल्या ड्रॉवरमध्ये कोर्टाचं काहीतरी सापडलंय."

मी विश्रामबागेत एका टॅक्सवाल्यांच्या ऑफिसात अकाउंटंट आहे. लोकांचे कागद बघणं हेच माझं पोटापाण्याचं काम, त्यामुळं कागद बघून घाबरायचं नाही एवढं तरी येतं. पण त्या दिवशी पैलवानानं टेबलाचा खालचा ड्रॉवर ओढला, वरच्या सॅम्पल पत्रिका बाजूला केल्या आणि खाली जे काय होतं ते बघून माझ्याही पोटात गोळा आला. बत्तीस पाकिटं. मी मोजली. त्यातली सव्वीस फोडलेलीच नव्हती. तीन वेगवेगळ्या बँकांची क्रेडिट कार्डाची स्टेटमेंटं, वकिलांच्या नोटिसा, मुंबईहून आलेलं कुठल्यातरी लवादाचं पत्र, आणि सगळ्यात खाली कोर्टाचा बेलीफ हातात देऊन गेलेला, चार घड्या घातलेला समन्स.

"कधी आला हा?"

"मागच्या मंगळवारी."

"आणि वाचलास?"

"नाही. वाचून काय होणार मर्दा, पैसे तर नाहीतच."

मला राग आला होता खरा. पण राग त्याचा का माझाच ते तेव्हा कळलं नाही. तीन फोन उचलले असते तर यातली निम्मी पाकिटं आली तेव्हाच फुटली असती ना.

ही वेळ त्याच्यावर आली कशी ते थोडं सांगतो, कारण क्रेडिट कार्डावर कर्ज झालं म्हटलं की लोकांना वाटतं महागडे मोबाईल घेतले असतील, गोव्याला जाऊन आला असेल. पैलवान गोव्याला आयुष्यात एकदा गेलाय, तेही एसटीनं. ऑगस्ट २०१९ चा पूर सांगलीकरांना सांगायला नको, आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली होती. त्याच्या दुकानात छताला हात लागेल एवढं पाणी. श्रावणातल्या मुहूर्तांसाठी भरून ठेवलेला कागद, कार्डं, सगळ्याचा लगदा झाला, अक्षरशः फावड्यानं ओढून काढला आम्ही. मशीनची मोटर गेली. तेव्हा बँकेवाल्यांनी आधीच गळ्यात मारलेलं एक कार्ड होतं, त्याच्यावर मोटर आणि कागद घेतला. जरा उभा राहतोय तोवर मार्च २०२० उजाडला. लग्नाला पन्नास माणसं म्हटल्यावर पाचशे पत्रिका कोण छापणार? २०२१ मध्ये तर पंचवीस माणसं आणि दोन तासांत लग्न उरकायचं, लोकांनी पत्रिका व्हॉट्सअॅपवरच पाठवल्या आणि ती सवय पुढं गेलीच नाही. त्यात त्याच जुलैमध्ये परत पूर. मोरेटोरियम म्हणून सहा महिने हप्ते थांबवले होते, याला वाटलं व्याजपण थांबलं. व्याज कशाला थांबतंय.

मग दुसरं कार्ड आलं, मग तिसरं. एका कार्डाचं बिल भरायला दुसरं कार्ड एका ओळखीच्या दुकानात घासायचं, तो दुकानदार दोन टक्के कापून कॅश देणार, ती पहिल्याला भरायची. त्याला तो 'फिरवाफिरवी' म्हणायचा. पुढच्या महिन्यात उलटं. असं वर्षभर केलं त्यानं, आणि मला म्हणाला मी एकही बिल चुकवत नव्हतो रे, मिनिमम, म्हणजे बिलावरची कमीत कमी रक्कम, तर भरतच होतो.

हे मिनिमम प्रकरण मी त्याला त्याच्याच बिलबुकाच्या मागच्या पानावर करून दाखवलं, इथंपण करतो, कारण मला खात्री आहे वाचणाऱ्यांपैकी दोघंतिघं तरी तेच करत असतील. ८० हजार बाकी आहे असं धरा. मिनिमम ५ टक्के म्हणजे ४,००० भरले. व्याज महिन्याला साडेतीन टक्के म्हणजे २,८००. व्याजावर १८ टक्के जीएसटी, ५०४. झाले ३,३०४. म्हणजे तुम्ही चार हजार भरले आणि मुद्दल कमी झालं किती, तर ६९६ रुपये. वर्षाचा दर बेचाळीस टक्के पडतो. आणि बिल पूर्ण न भरल्यामुळं ती बिनव्याजी मुदत पण जाते, म्हणजे त्या महिन्यात कार्डावर दूध घेतलं तरी त्याला पहिल्या दिवसापासून व्याज. पैलवान त्या ६९६ कडे बराच वेळ बघत बसला. मग म्हणाला, "मला वाटायचं मी चार हजार फेडतोय."

समन्स वाचला तर तो साधा दावा नव्हता, समरी सूट होता, म्हणजे झटपट निकालाचा दावा. ह्यातलं मला काही कळत नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या ऑफिसात येणारे एक जुने वकील आहेत, आम्ही त्यांना काका म्हणतो, त्यांच्याकडे याला गाडीवर मागं बसवून घेऊन गेलो विजयनगरला, कोर्टाजवळच त्यांचं ऑफिस आहे. काकांनी चष्मा वर केला, तारीख बघितली आणि पहिलं वाक्य बोलले, "आज सातवा दिवस आहे, दहाव्याला आला असता तर मी काय करणार होतो?" समरी दाव्यात म्हणे समन्स मिळाल्यापासून दहा दिवसांत हजेरी लावायची असते. नाही लावली तर समोरच्यानं दाव्यात जे लिहिलंय ते तुम्ही कबूल केलं असंच धरतात आणि हुकूमनामा, म्हणजे कोर्टाचा निकाल, तुमच्या विरोधात होऊन जातो. एकदा हुकूमनामा झाला की मग दरखास्त म्हणजे वसुलीचा अर्ज, मग जप्ती. हजेरी लावली की पुढं ते परत एक समन्स देतात आणि त्याच्यानंतर दहा दिवसांत प्रतिज्ञापत्र करून सांगायचं की मला बचाव करू द्या, माझ्याकडे सांगण्यासारखं आहे.

"आहे का सांगण्यासारखं?" काका.

पैलवान गप्प. मी म्हटलं, "अजून पाकिटं फोडायची आहेत."

ती रविवारी फोडली. त्यांच्या घरी, खणभागात, माजघरात सतरंजी टाकून. वहिनी ब्लेडनं पाकीट उघडायच्या, मी तारीखवार लावायचो, पैलवान फक्त पाणी प्यायचा. चार तास गेले. मध्ये वहिनींनी भडंग आणि चहा आणला, ते कागदांवर सांडलं, अजून त्या फाईलला लसणाचा वास येतो. पण सापडलं बरंच काही. दाव्याच्या कार्डावर दीड वर्ष दर महिन्याला एका विम्याचा हप्ता कापला जात होता, जो यानं कधी मागितलाच नव्हता. वसुलीच्या माणसाच्या यूपीआय नंबरवर आठ हजार पाठवले होते त्याचा स्क्रीनशॉट याच्या मोबाईलमध्ये होता, पण स्टेटमेंटमध्ये ते आठ हजार कुठंच जमा नव्हते. शिवाय न भरलेल्या फी आणि टॅक्सवर परत व्याज चढवलेलं दिसत होतं, आणि तसं चढवायचं नाही हे रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या निर्देशांत आहे असं काकांनीच नंतर दाखवलं. यानं भरणं बंद केलं तेव्हा बाकी होती एक लाख चाळीसच्या आसपास. दावा होता दोन लाख शहाऐंशी हजारांचा.

आता ते दिवाळखोरीचं.

पैलवानाच्या डोक्यात कुणीतरी भरवलं होतं की दिवाळखोरी जाहीर केली की सगळं माफ. यूट्यूबवर अमेरिकेतला कुठला तरी व्हिडिओ बघितला होता, तिथं माणूस कोर्टात जातो, कागद भरतो आणि काही महिन्यांत मोकळा. काकांना म्हणाला, "मला पण तसं करून टाका, एकदाचं दिवाळं काढा माझं." काका हसले नाहीत, हे मला आवडलं. म्हणाले, २०१६ ला नवा दिवाळखोरीचा कायदा आला, त्यात साध्या माणसांसाठी पण एक भाग आहे, पण तो भाग फक्त कंपन्यांच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांपुरता २०१९ पासून लागू केलाय, तुमच्यासारख्यांना नाही. तुमच्यासाठी अजून इंग्रजांच्या काळातलाच, १९२० सालचा. मुंबईत राहत असता तर त्याहून जुना, १९०९ चा. त्यात नादारीचा, म्हणजे दिवाळखोरीचाच, अर्ज जिल्हा न्यायालयात करायचा आणि कर्ज किती पाहिजे माहितीय का, पाचशे रुपये. पाचशे! १९२० साली ती मोठी रक्कम असणार, आता पैलवानाच्या पोराचा मोबाईल रिचार्ज होतो तेवढ्यात.

पण मग काय होतं ते त्यांनी सांगितलं तेव्हा दोघंही गार पडलो. नादार ठरलात की तुमची मालमत्ता कोर्टानं नेमलेल्या रिसीव्हरच्या ताब्यात, तो विकणार, वाटणार. कर्जातनं सुटका आपोआप नाही, त्यासाठी परत वेगळा अर्ज, आणि कोर्ट तुमचं वागणं बघणार. ह्याला वर्षं जातात. आणि पैलवानाच्या नावावर मालमत्ता म्हणजे काय, तर खणभागातल्या वडिलोपार्जित घरातला अर्धा हिस्सा. दुसरा अर्धा थोरल्या भावाचा. चार-पाच लाखांच्या कार्डापायी वडिलांच्या घराची वाटणी रिसीव्हर करणार.

"मग बायकोच्या नावावर करू का हिस्सा?" हा लगेच. हेपण बाहेरच कुणीतरी शिकवलेलं. आमच्याकडे चहाच्या टपरीवर फुकटचे वकील फार. काकांनी सांगितलं, ज्यांचं देणं आहे त्यांना बुडवायला केलेली बक्षीसपत्रं कोर्ट रद्द करतं, आणि नादारीत तर मागच्या दोन वर्षांतली अशी देणगी उलटवता येते. वर तुमची नियत खराब दिसते ते वेगळंच. गप बसा.

वहिनी त्या दिवशी बरोबर आल्या होत्या. इतका वेळ त्या एक शब्द बोलल्या नव्हत्या. उठताना त्यांनी विचारलं, "साहेब, मंगळसूत्र नेतील का हो?"

काकांनी मागच्या कपाटातनं दिवाणी कायद्याचं जाडजूड पुस्तक काढलं, कलम ६० उघडलं आणि वाचून, मराठीत सांगत गेले. अंगावरचे लागणारे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, आणि धर्माच्या रीतीप्रमाणे बाईला अंगावरनं काढता येत नाहीत असे दागिने, हे जप्त करता येत नाही. पीएफ नाही. आयुर्विम्याचे पैसे नाहीत. पगार असेल तर पहिले हजार रुपये आणि उरलेल्याचा दोन तृतीयांश सोडून द्यावा लागतो. कारागिराची हत्यारं पण नाहीत, मात्र तुमचं छपाईचं मशीन हत्यार म्हणायचं का यंत्र यावर बँकेचा वकील भांडेल, मीपण भांडेन. वहिनींनी नुसती मान हलवली. पण जिना उतरताना त्यांनी पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "भांडी पण नाहीत म्हणाले ना?" मला वाटतं पंधरा दिवसांत पैलवानानं पहिल्यांदा कुणाचं तरी काहीतरी ऐकलं असेल तर ते तेव्हा. पैलवान जिन्यावरच थांबला होता आणि भिंतीकडं तोंड करून उभा होता.

त्याची झोप उडवली होती ती खरं तर कोर्टानं नाही, फोनांनी. सकाळी साडेसहाला सुरू व्हायचे. एकदा तर व्हॉट्सअॅपवर पोलिसाचा फोटो असलेला माणूस, 'तुमच्या नावे अटक वॉरंट निघालं आहे, दोन तासात पैसे भरा'. त्याच्या मेव्हण्याला फोन. शेजारच्या झेरॉक्सवाल्याला फोन, तुमचा शेजारी चोर आहे म्हणून. झेरॉक्सवाला बिचारा चांगला, त्यानं 'राँग नंबर' म्हणून ठेवला, पण बोळात कळायचं ते कळलं. क्रेडिट कार्ड थकलं म्हणून पोलीस येत नाहीत, तो दिवाणी मामला आहे. हुकूमनामा झाल्यावरही, पैसे असून मुद्दाम दडवलेत असं दिसलं तरच दिवाणी कैदेची भाषा येते, नुसती गरिबी हे कारण होत नाही, सुप्रीम कोर्टानं १९८० सालीच जॉली जॉर्ज वर्गीस केसमध्ये सांगून ठेवलंय. फक्त एक, चेक दिला असेल तर गोष्ट वेगळी, चेक वटला नाही तर कलम १३८ खाली फौजदारी. हे ऐकल्यावर पैलवानाचा चेहरा पडला. कारण एका वसुलीवाल्याला यानं सही केलेला कोरा चेक 'विश्वासासाठी' दिला होता. त्या चेकची गोष्ट लिहायला बसलो तर दुसरी पोस्ट होईल. तो परत मिळाला एवढं सांगतो, आणि तो मिळेपर्यंत त्या खात्यात पाच हजार कायम ठेवायची कसरत मी बघितलीय, पाच हजारांनी काय होणार होतं देव जाणे.

फोनांसाठी मी एक काम केलं जे मला येतं, मेल लिहिला. बँकेच्या तक्रार अधिकाऱ्याला, तारीख, वेळ, नंबर, स्क्रीनशॉट सगळं लावून. रिझर्व्ह बँकेचं साफ म्हणणं आहे की वसुलीचा फोन सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातच्या नंतर करायचा नाही, नातेवाईक-मित्रांना त्रास द्यायचा नाही, चारचौघांत बेइज्जत करायचं नाही. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं ऑनलाईन तक्रार करता येते, फुकट, १४४४८ हा त्यांचा नंबर. तिथंवर जावंच लागलं नाही. मेलमध्ये लोकपाल हा शब्द आल्यावर चौथ्या दिवशी सकाळचे फोन बंद झाले. पैलवानाला वाटलं मी कुणाला तरी ओळखतो.

मधल्या काळात एक जण त्याला पैसे द्यायला तयार होता, ते पण सांगतो. शेकडा दहा, महिन्याला. म्हणजे कार्डाच्या साडेतीन टक्क्यांतनं सुटायला दहा टक्के. आणि कागद काही नाही, फक्त दुकानाची चावी आणि कोऱ्या स्टॅम्पवर सही. ज्या दिवशी मला हे कळलं त्या दिवशी मी त्याला त्याच्याच दुकानात शिव्या घातल्या, गिऱ्हाईक उभं असताना. बँकेनं काही केलं तरी कोर्टातनं करते, तारीख देते, कागद देते. विनापरवाना सावकारी कायद्यानं गुन्हा आहे, २०१४ चा कायदा आहे, उपनिबंधकांकडे तक्रार होते, सगळं खरं, पण तक्रार करायला माणूस घरात झोपू तर शकला पाहिजे.

थोरल्या भावाला सांगणं हे सगळ्यात अवघड काम होतं, कोर्टाच्या हजेरीपेक्षा. दादा शिक्षक, रिटायर झालेले, कडक. पैलवान म्हणाला तू सांग. मी म्हटलं मी बरोबर येतो, सांगायचं तूच. दादांनी सगळं ऐकलं, चष्मा पुसला, आणि म्हणाले, "पुराचं पाणी दोघांच्या घरात आलं होतं, तेव्हा मोटरचे पैसे मला का मागितले नाहीस?" ह्याच्यावर तो काय बोलणार. मीपण काही बोललो नाही, मला माझे तीन मिस्ड कॉल आठवत होते.

तारखा पडत गेल्या. बँकेचा वकील एकदा आलाच नाही, एकदा साहेब रजेवर. कोर्टात जाऊन बसणं हा पण एक उद्योग आहे, अकरा वाजता जायचं आणि तीन वाजता पुढची तारीख घेऊन यायचं. मी चार वेळा गेलो, बाकी वेळा दादा गेले. उत्पन्न वर्षाला तीन लाखांच्या आत असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडनं वकील फुकट मिळतो, आणि पैलवान त्यात बसत होता, हे आम्हाला काकांची अर्धी फी देऊन झाल्यावर कळलं. तेही कुठं, तर कोर्टाच्याच आवारातल्या बोर्डावर. काका म्हणाले, मला सांगायला पाहिजे होतं, आणि उरलेली अर्धी घेतली नाही.

डिसेंबरच्या लोकअदालतीत प्रकरण ठेवलं. लोकअदालत म्हणजे मला काहीतरी गंभीर वाटलं होतं, तर तिथं मार्केट यार्डातल्या हळदीच्या सौद्यासारखी गर्दी. टेबलं मांडलेली, प्रत्येक टेबलावर पॅनेल, बँकांची पोरं लॅपटॉप घेऊन, आणि समोर पैलवानासारखीच माणसं, कुणी इस्त्रीचा शर्ट घालून, कुणी कामावरनं तसंच. बँकेच्या पोरानं दोन लाख दहा हजार म्हटलं. काकांनी एक लाख वीस म्हटलं आणि विम्याच्या हप्त्यांचा तक्ता टेबलावर ठेवला, मी केलेला, लसणाच्या वासाचा. आठ हजारांचा स्क्रीनशॉट ठेवला. पोरगा उठून बाहेर फोन करून आला. एक साठ. पैलवान इतका वेळ खाली बघत होता, त्यानं एकदम मान वर केली आणि म्हणाला, "साहेब एक पंचावन्न करा आणि दहा हप्ते द्या, एकही चुकवणार नाही." पॅनेलवरच्या मॅडम बँकेच्या पोराकडं बघून म्हणाल्या, "करा की." झालं. साडेपंधरा हजाराचे दहा हप्ते. लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नाही, दोघांनाही, आणि हप्ता चुकला तर तोच निवाडा हुकूमनाम्यासारखा अंमलात येतो, म्हणून सही करायच्या आधी काकांनी त्याला दोनदा विचारलं की नक्की जमेल ना.

दुसऱ्या कार्डाचं ब्याण्णव हजारांचं पंचेचाळीसमध्ये मिटलं, स्कूटर विकून आणि दादांनी घातलेल्या पंचवीस हजारांतनं. तिथं मी एकच हट्ट धरला, आधी बँकेच्या लेटरहेडवर पत्र, त्यात कार्डाचा नंबर, रक्कम, तारीख, आणि मगच पैसे, तेही थेट कार्डाच्या खात्यात, कुणाच्या यूपीआयवर नाही. फोनवरचा माणूस म्हणत होता साहेब ऑफर आज संध्याकाळपर्यंतच आहे. पत्र यायला नऊ दिवस लागले आणि ऑफर तिथंच होती. सिबिलमध्ये, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीत, 'सेटल्ड' (कमी पैशांत मिटवलं) असा शेरा पडलाय, 'क्लोज्ड' (पूर्ण फेडलं) नाही, आणि तो बरीच वर्षं राहणार, पुढं पोराच्या शिक्षणाला कर्ज काढताना अडेल. ते त्यालाही माहितीय.

तिसरं, लवादवालं, अजून चालूच आहे. त्यावर मी आत्ता काही लिहीत नाही.

पैलवान आता दिवसपाळीला कुपवाड एमआयडीसीत एका पॅकेजिंगवाल्याकडं जातो, संध्याकाळी सहानंतर दुकान. दिवसा दुकानात वहिनी बसतात, आणि खरं सांगायचं तर उधारी वसूल करणं त्यांना याच्यापेक्षा चांगलं जमतं. सात हप्ते गेले, तीन राहिलेत. माझे पंधरा हजार मी मागितले नाहीत, त्यानं काढले नाहीत. एकदा म्हणाला होता, "तुझं लक्षात आहे हां." मी म्हटलं रांगेत थांबलोय.

परवा गेलो होतो दुकानात, आमच्या ऑफिसची पावतीपुस्तकं आणायला. खालचा ड्रॉवर उघडाच होता. आत एकच जाड फाईल, तारीखवार लावलेली, आणि वर त्यानं स्वतः छापून चिकटवलेलं लेबल, चांगल्या गुलाबी कार्डावर, सोनेरी अक्षरांत. वरती ॥ श्री गणेशाय नमः ॥ आणि खाली 'कोर्ट फाईल'.

म्हटलं हे रे काय?

म्हणाला, "सवयीनं आलं. आणि ते कार्ड उरलं होतं."